मोर्तब नसलेले पत्र

२०२० सालानंतर 'आरटीपीसीआर' हा शब्द ऐकला नाही असा माणूस भारतात सापडणे कठीण. रेल्वेच्या फलाटावर, विमानतळावर, जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत आणि घरातल्या गप्पांतही तो सतत कानावर पडत होता. त्यातल्या पहिल्या दोन अक्षरांकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. 'आरटी' म्हणजे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शन, उलटे लेखन. आरएनएवरून डीएनए लिहून काढायचा. हे काम करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, कोरोनासाठी शोधले गेले नव्हते. ते १९७० साली हाती आले, आणि तेही एका वेगळ्याच प्रश्नाचा माग काढताना. प्रश्न होता, कोंबडीला कॅन्सर कशाने होतो?

हा माग एका कोंबडीपासून निघाला आणि माणसाच्या प्रत्येक पेशीपर्यंत येऊन पोचला. बाहेरचा शत्रू शोधायला निघालेल्यांना अखेर घरातलेच कुणीतरी सापडले. कॅन्सरवरच्या कितीतरी नव्या औषधांचे मूळ या शोधात आहे. आणि कॅन्सर झालेल्या माणसाकडे आपण कोणत्या नजरेने पाहावे, याचेही काही उत्तर त्यात आहे.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये १९०९ साली एक कोंबडी आणली गेली. प्लिमथ रॉक जातीची, अंगावर काळे-पांढरे पट्टे असलेली, आणि छातीच्या उजव्या बाजूला मोठी गाठ आलेली. ती पेटन राउस या तरुण डॉक्टरांच्या हाती पडली. राउस यांनी गाठीचे तुकडे त्याच वंशावळीतल्या दुसऱ्या कोंबड्यांमध्ये रुजवले. काहींमध्ये गाठ वाढली. इथवर नवल नव्हते; जिवंत पेशी एका शरीरातून दुसऱ्यात नेल्या, तर त्या तिथे वाढतील हे समजण्यासारखे होते. खरे नवल १९११ साली घडले. राउस यांनी गाठ कुटली, तिचा रस काढला आणि तो इतक्या बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळला की पेशी तर सोडाच, जीवाणूही पलीकडे जाऊ नयेत. त्या निवळ रसाचे इंजेक्शन दिल्यावरही निरोगी कोंबडीला तशीच गाठ आली. याचा अर्थ, पेशीपेक्षा आणि जीवाणूपेक्षाही लहान असे काहीतरी कॅन्सर घडवत होते.

आज आपण त्याला विषाणू म्हणतो. त्या काळी ही कल्पना फारशी कुणाच्या पचनी पडली नाही. कोपनहेगनमध्ये एलरमन आणि बँग यांनी १९०८ मध्येच कोंबड्यांचा रक्ताचा कॅन्सर गाळलेल्या द्रवाने पसरतो असे दाखवले होते. पण रक्ताचा हा विकार कॅन्सरच आहे, हे तेव्हा सर्वमान्य नव्हते. राउस यांच्या शोधावर आक्षेप असा, की कोंबडी ती कोंबडी, माणसाच्या कॅन्सरशी तिचा काय संबंध? उंदरांमध्ये असेच काही सापडते का हे राउस यांनी पाहिले. सापडले नाही. काही वर्षांत त्यांनी हा विषय सोडला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात रक्त साठवून ठेवण्याच्या कामाकडे वळले. त्यांना नोबेल मिळाले १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, म्हणजे त्या निवळ रसाच्या प्रयोगानंतर ५५ वर्षांनी. गंमत अशी, की पेशीच्या स्वतःच्या जनुकांत बदल झाल्याने कॅन्सर होतो, हे मत राउस यांना शेवटपर्यंत पटले नाही. त्यांच्याच विषाणूने पुढे ते मत भक्कम केले.

राउस यांची कोंबडी मागे पडली तरी उंदरांनी हा प्रश्न जिवंत ठेवला. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. ज्या वंशाच्या उंदरांच्या माद्यांना स्तनाचा कॅन्सर फार होतो, त्यांची पिल्ले जन्मताच दुसऱ्या वंशाच्या आईला पाजायला दिली, तर त्या पिल्लांत मोठेपणी कॅन्सर कमी होतो. म्हणजे आईच्या दुधातून काहीतरी येत होते. तोही विषाणू निघाला, आणि राउस यांच्या विषाणूप्रमाणेच त्याच्याही पोटात डीएनए नव्हता, आरएनए होता.

या टप्प्यावर मुंबई या इतिहासात येते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे दार १९४१ मध्ये उघडले. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली कॅन्सरवर संशोधन करणाऱ्यांची पिढी तयार होत होती. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या कमल रणदिवे त्यांपैकीच एक. त्यांचा विषय होता उंदरांमधला स्तनाचा कॅन्सर. काही वंशांना तो जास्त का होतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा किती, संप्रेरकांचा किती आणि दुधातून येणाऱ्या विषाणूचा किती? १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाल्यावर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेला या नावाने जगभर गेलेल्या माणसाच्या पेशी काचेत वाढवल्या गेल्या त्या याच प्रयोगशाळेत. परत आल्यावर रणदिवे यांनी मुंबईत पेशी शरीराबाहेर वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती पहिली मानली जाते. त्यांचे वैशिष्ट्य हे, की विषाणू, संप्रेरके आणि वंश यांपैकी एकालाच आरोपी ठरवण्याची घाई न करता त्यांनी तिघांचे परस्परसंबंध तपासले.

आता पुन्हा कोंबडीकडे. १९५८ साली कॅलिफोर्नियाच्या कॅलटेक संस्थेत हॉवर्ड टेमिन हा चोविशीतला विद्यार्थी हॅरी रुबिन यांच्याबरोबर काम करत होता. राउस यांच्या विषाणूचा अभ्यास करायला तोवर कोंबड्याच लागत. या दोघांनी कोंबडीच्या गर्भातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या आणि त्यांवर विषाणू सोडला. जिथे विषाणू शिरे तिथल्या पेशी गोल होत, एकमेकींवर चढत आणि त्यांचा लहानसा पुंजका तयार होई. पुंजके मोजले की विषाणू किती ते कळे. कॅन्सर आता बशीत मोजता येऊ लागला.

टेमिन यांच्या डोक्यात मात्र मोजणीपलीकडचे काही घोळत होते. विषाणूचा प्रकार बदलला की पेशीच्या गोलाईचा प्रकारही बदलतो आणि तो बदल पेशीच्या लेकी-नातींपर्यंत टिकतो, हे त्यांनी पाहिले. म्हणजे विषाणू पेशीत नुसता राहायला येत नव्हता. तो पेशीच्या वारशात शिरत होता. पण वारसा डीएनएत लिहिलेला असतो आणि हा विषाणू तर आरएनएचा. मग टेमिन यांनी डीएनएवरून आरएनए बनणे थांबवणारे एक रसायन वापरले. विषाणूची वाढही थांबली. आरएनएच्या विषाणूला डीएनएची गरज का पडावी? १९६४ मध्ये त्यांनी उत्तर मांडले. हा विषाणू आधी आपल्या आरएनएची डीएनए प्रत करतो आणि ती प्रत पेशीच्या डीएनएत बसते.

त्या काळच्या जीवशास्त्रात हे जवळजवळ वेडेपण होते. फ्रान्सिस क्रिक यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार माहितीचा प्रवास डीएनएकडून आरएनएकडे आणि आरएनएकडून प्रथिनाकडे होतो, अशी सर्वांची पक्की धारणा होती. क्रिक यांनी उलट्या प्रवासावर पूर्ण बंदी घातली नव्हती. पण पाठ्यपुस्तकांतून रुजलेला अर्थ तोच होता. पुढची सहा वर्षे टेमिन यांचे म्हणणे ऐकून घेतले जाई आणि बाजूला ठेवले जाई. पुरावा अप्रत्यक्ष आहे, हा आक्षेप रास्तही होता. उलटे लेखन करणारे विकर कुठे आहे, ते दाखवा, एवढेच शास्त्रज्ञांना हवे होते.

ते १९७० मध्ये दिसले. विस्कॉन्सिन विद्यापीठात टेमिन आणि त्यांचे सहकारी सातोशी मिझुतानी यांनी राउस यांच्या विषाणूच्या कणातच ते विकर असल्याचे दाखवले. त्याच सुमारास डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे, उंदराच्या ल्युकेमियाच्या विषाणूत तेच दाखवले. दोघांचे लेख 'नेचर' साप्ताहिकाच्या २७ जून १९७० च्या अंकात लागोपाठ छापले गेले. पेटन राउस त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. आपल्या कोंबडीने जीवशास्त्राचे एक पक्के समजलेले सूत्र दुरुस्त करायला लावले, हे त्यांना पाहायला मिळाले नाही. टेमिन, बाल्टिमोर आणि टेमिन यांचे कॅलटेकमधले गुरू रेनाटो डल्बेको यांना १९७५ चे नोबेल विभागून मिळाले.

उलट्या लेखनाचा शोध लागला आणि एक मोठी आशा पसरली. कोंबडीत, उंदरात आरएनएचे विषाणू कॅन्सर घडवतात, तर माणसातही असे विषाणू असणार. ते सापडले की लस करता येईल. अमेरिकेने डिसेंबर १९७१ मध्ये कॅन्सरविरुद्ध राष्ट्रीय कायदा केला, त्याला लोक युद्धच म्हणत. माणसाच्या कॅन्सर-विषाणूचा शोध जोरात चालू होता. या शोधात मुंबईही सामील होती. पारशी समाजातल्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचे टाटा रुग्णालयाच्या नोंदींवरून दिसत होते. म्हणून डॅन मूर या अमेरिकन संशोधकांच्या गटाने मुंबईतल्या पारशी स्त्रियांच्या दुधाचे नमुनेही तपासले. १९७१ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या त्या लेखाच्या लेखकांत मुंबईचे डॉ. जे. सी. पेमास्टर आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या सत्यवती सिरसाट यांची नावे आहेत. काही नमुन्यांत उंदराच्या विषाणूसारखे दिसणारे कण आढळले होते. त्या लेखाने जगभर खळबळ उडाली. पण असा विषाणू माणसातल्या स्तनाच्या कॅन्सरचे कारण आहे, हे पुढे कधीच सिद्ध झाले नाही.

विषाणूंमुळे माणसाला कॅन्सर होतच नाही असे नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही असतो, यकृताच्या कॅन्सरमागे पुष्कळदा हिपॅटायटिस बी असतो, आणि या दोन्हींवर लस आहे. पण हे डीएनएवाले विषाणू आहेत. राउस यांच्या विषाणूने दाखवलेली वाट निराळीच निघाली.

ती वाट सापडली एका साध्या तुलनेतून. राउस विषाणूच्या काही प्रकारांत आरएनएचा एक तुकडा गळालेला असतो. असा विषाणू पेशीत शिरतो, वाढतो, पसरतो. पण पेशीला कॅन्सरची करू शकत नाही. म्हणजे कॅन्सर घडवणारा तुकडा वेगळा आहे आणि विषाणूच्या स्वतःच्या संसाराला त्याची गरज नाही. या जनुकाला 'सार्क' असे नाव पडले. मग प्रश्न उभा राहिला, ज्याची विषाणूला गरज नाही ते जनुक विषाणूकडे आले कुठून?

सान फ्रान्सिस्कोमध्ये मायकेल बिशप आणि हॅरल्ड व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेत दोमिनिक स्तेहेलँ या फ्रेंच संशोधकाने या प्रश्नावर हात घातला. टेमिन यांचे विकर आता साधन म्हणून हाताशी होते. स्तेहेलँ यांनी त्याच्या मदतीने विषाणूच्या आरएनएवरून किरणोत्सारी खूण असलेला डीएनए बनवला आणि त्यातून सार्कचा तेवढा भाग वेगळा केला. हा तुकडा दुसऱ्या कुठल्या डीएनएशी जुळतो का, ते पाहायचे होते. तो जुळला निरोगी कोंबडीच्या डीएनएशी. नंतर लाव्याशी, टर्कीशी, बदकाशी, आणि पक्ष्यांच्या कुळात फार पूर्वी वेगळ्या झालेल्या एमू पक्ष्याशीही. १९७६ मध्ये हा लेख पीटर वोग्ट यांच्यासह चौघांच्या नावे प्रसिद्ध झाला. थोड्याच काळात सस्तन प्राण्यांतही, माणसातही, सार्कचे भावंड सापडले.

याचा एकच अर्थ निघत होता. सार्क हे विषाणूचे जनुक नव्हतेच. ते कोंबडीचे होते. कधीतरी पेशीतून बाहेर पडताना विषाणूने ते उचलले होते आणि मोडक्या स्थितीत परत आणून सोडले होते. ज्याला शत्रूचे शस्त्र समजले जात होते ते आपल्याच घरातले अवजार निघाले, आणि कोट्यवधी वर्षे निसर्गाने ते जपून ठेवले होते. म्हणजे ते पेशीच्या रोजच्या कामाचे असणार. १९८९ चे नोबेल बिशप आणि व्हार्मस यांना मिळाले. स्तेहेलँ यांना त्यात वाटा मिळाला नाही, आणि ती खंत त्यांनी उघडपणे बोलून दाखवली.

आता उरला प्रश्न कामाचा. हे जनुक पेशीत करते काय? कोलोराडोत जोन ब्रुगी आणि रे एरिक्सन यांनी सार्कचे प्रथिन १९७७ मध्ये ओळखून काढले. पुढच्याच वर्षी कळले की हे प्रथिन इतर प्रथिनांवर फॉस्फेटचा एक छोटा रासायनिक गट चिकटवते. फॉस्फेट चिकटवणारी विकरे तोवर माहीत झाली होती. ती सगळी सेरिन किंवा थ्रिओनिन या दोन अमिनो आम्लांवर काम करत. सॉल्क संस्थेतल्या टोनी हंटर यांच्या १९७९ च्या प्रयोगात मात्र फॉस्फेटची खूण भलत्याच जागी दिसली. ती जागा होती टायरोसिनची. यात एका जुन्या द्रावणाचाही हात होता. त्याची आम्लता ठरलेल्यापेक्षा थोडी वाढली होती, म्हणूनच एरवी एकत्र दिसणाऱ्या दोन खुणा वेगळ्या झाल्या. हंटर यांचा पहिला प्रयोग दुसऱ्या एका विषाणूच्या प्रथिनावर होता. लगेच बार्ट सेफ्टन यांच्यासह त्यांनी सार्क तपासले आणि तेच आढळले. निरोगी पेशीत फॉस्फेटच्या अशा खुणांपैकी टायरोसिनवरच्या खुणा जेमतेम ०.०३ टक्के असतात. राउस विषाणूने बिघडवलेल्या पेशीत त्या सुमारे दसपट होतात.

एवढीशी ही खूण इतकी महत्त्वाची का, हे समजायला आपल्याकडच्या जुन्या पत्रव्यवहाराची आठवण उपयोगी पडेल. मराठेशाहीतले राजपत्र उघडून पाहिले तर वर शिक्का असतो आणि मजकूर जिथे संपतो तिथे मोर्तब असते. शिक्क्यामुळे पत्राला अधिकार येतो. मोर्तब सांगते, की हुकूम इथे संपला, यापुढे कुणी एक अक्षरही वाढवायचे नाही. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण एका श्वासात बोलतो, पण ही कामे दोन आहेत.

पेशीतही निरोप असेच जातात. जखम भरायची आहे, नव्या पेशी हव्या आहेत, असा सांगावा रक्तातून येतो. तो पेशीच्या कवचावरच्या ग्राहकाला मिळतो. ग्राहक आतल्या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का उमटवतो, ते प्रथिन पुढच्यावर, ते त्याच्या पुढच्यावर. असा हातोहात निरोप केंद्रकापर्यंत पोचतो आणि कोणत्या जनुकाचा आरएनए लिहायचा हे ठरते. काम झाले की शिक्के पुसणारी दुसरी विकरे येतात आणि साखळी थांबते. वाढीचा हुकूम जितका गरजेचा, तितकाच तो संपणेही गरजेचे.

सार्क या साखळीतला एक कारकून आहे. निरोगी पेशीत तो बहुतेक वेळ गप्प बसलेला असतो, कारण त्याच्या शेपटाकडच्या एका टायरोसिनवर फॉस्फेट लावून त्याला दुमडून ठेवलेले असते. हेच त्याचे मोर्तब. कोंबडीच्या मूळ सार्क जनुकाची अक्षरे हिदेसाबुरो हानाफुसा आणि त्यांचे सहकारी तात्सुओ ताकेया यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. ती विषाणूच्या जनुकाशी ताडून पाहिल्यावर फरक उघड झाला. मूळ प्रथिनाची शेवटची १९ अमिनो आम्ले विषाणूकडच्या प्रथिनात नव्हती, त्यांच्या जागी भलतीच १२ होती. ज्या टायरोसिनवर मोर्तब होते, तोच नेमका या चोरीत गळाला होता. १९०९ मधल्या त्या कोंबडीची गाठ म्हणजे वाढीचा हुकूम देणारे, पण मोर्तब नसलेले पत्र होते. ते संपतच नव्हते.

मग अशी पत्रे इतरत्रही सापडू लागली. रणदिवे यांनी ज्या उंदरांवर काम केले होते, त्यांच्या विषाणूचे कोडेही असेच सुटले. त्या विषाणूकडे चोरलेले जनुक नव्हते. रोल नुस आणि व्हार्मस यांनी १९८२ मध्ये दाखवले, की तो उंदराच्या डीएनएत एका ठरावीक जनुकाच्या शेजारी जाऊन बसतो आणि त्याला नको तेव्हा जागे करतो. ते जनुकही पेशी-पेशींमधल्या निरोपाचेच निघाले. आज विंट या नावाने ते ओळखले जाते. विषाणू खरा होता, पण गुन्हा त्याने घरातल्याच हातांकडून करवून घेतला होता. आणि विषाणू नसतानाही हे घडू शकते. तंबाखूच्या धुराने, उन्हाने, किंवा पेशी दुभंगताना प्रत काढण्यात झालेल्या साध्या चुकीनेही पत्रातले मोर्तब गळू शकते.

निरोप कुठे अडकला आहे हे कळले, तर तो थांबवता येईल का? या प्रश्नाचे सर्वात स्पष्ट उत्तर एका रक्ताच्या कॅन्सरने दिले. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, डॉक्टरांच्या बोलीत सीएमएल. या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र विचित्र आखूड असते, हे फिलाडेल्फियात १९६० मध्ये दिसले होते. ९ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे बदलल्याने ते तसे होते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. या अदलाबदलीत एबीएल नावाचे जनुक भलत्या जनुकाला जोडले जाते. एबीएलही आधी उंदराच्या एका आरएनए विषाणूत सापडले होते, आणि सार्कप्रमाणेच तेही टायरोसिनवर शिक्का उमटवणारे होते. जोडकामामुळे त्याचा शिक्का अखंड उमटत राहतो.

बासेलच्या सिबा-गायगी कंपनीत, जी पुढे नोव्हार्टिस झाली, हा शिक्का अडवणारे एक रसायन तयार झाले. ओरेगनचे डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनी ते सीएमएलच्या पेशींवर वापरून पाहिले आणि रुग्णांपर्यंत नेण्याचा आग्रह धरला. १९९८ मध्ये चाचणी सुरू झाली. दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तातले आकडे पूर्ववत झाले. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. हेच इमॅटिनिब. पूर्वी काही वर्षांतच माणसे नेणारा हा आजार, रोजची गोळी घेत जगण्याचा आजार झाला. पहिल्या मोठ्या चाचणीत इमॅटिनिबवर ठेवलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते.

पण रोजची गोळी ज्याला परवडेल त्याचीच. भारतात नोव्हार्टिसच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. देशी कंपन्यांचे तेच औषध ८ ते १० हजारांत मिळे. आपण अनेक रुग्णांना औषध मोफत देतो, असे कंपनीचे म्हणणे होते. औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपाच्या पेटंटसाठी कंपनीने १९९८ मध्ये चेन्नईत अर्ज केला होता. त्याला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांसाठी काम करणारी संस्था होती. २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला, प्रकरण वर वर जात राहिले, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी कंपनीचे अपील नाकारले. माहीत असलेल्या औषधाचे नुसते नवे रूप, रुग्णावर अधिक गुणकारी असल्याचे सिद्ध झाल्याखेरीज पेटंटला पात्र नाही, असा त्या निकालाचा गाभा होता. कोंबडीच्या गाठीतून निघालेले ज्ञान कुणाच्या मालकीचे, हा प्रश्न त्या दिवशी पुरता सुटला नाही. पण भारतातल्या हजारो घरांत पुढच्या महिन्याची गोळी येणार हे ठरले.

या यशाला मर्यादाही आहेत. सीएमएलमध्ये मुख्यतः एकच निरोप अडकलेला असतो. फुप्फुस, आतडे किंवा स्वादुपिंड यांच्या कॅन्सरमध्ये अनेक पत्रे एकाच वेळी बिघडलेली असतात. एक थांबवले की पेशी दुसऱ्या वाटेने निरोप नेते. इमॅटिनिबलाही काही पेशी दाद देत नाहीत, कारण शिक्क्याच्या खाचेतले एखादे अमिनो आम्ल बदलते आणि औषध तिथे बसेनासे होते. म्हणून सीएमएलचा रुग्ण दर काही महिन्यांनी रक्त तपासून घेतो. त्या रक्तात बिघडलेल्या जनुकाचा आरएनए किती उरला आहे, ते मोजले जाते. मोजण्याआधी तो आरएनए उलटा लिहून डीएनए करावा लागतो, आणि ते काम टेमिन यांनी ज्याच्यावर सहा वर्षे एकट्याने विश्वास ठेवला तेच विकर करते.

या साऱ्या इतिहासाने आपल्या बोलण्यातले एक गृहीतक बदलायला हवे होते. ते अजून पुरते बदललेले नाही. आपण अजूनही कॅन्सरशी 'झुंज' म्हणतो, रोग 'शिरला' म्हणतो. कित्येक घरांत आजही रुग्णाचे ताट-पेला वेगळा ठेवला जातो, आणि लग्नाच्या बोलण्यांत घरातल्या कॅन्सरची गोष्ट लपवली जाते. रुग्ण स्वतः विचारत राहतो, माझे काय चुकले? माणसाचा कॅन्सर ताट-पेल्यातून पसरत नाही. तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळही नाही. वाढण्यासाठी, जखम भरण्यासाठी, गर्भात माणूस घडण्यासाठी जी पत्रे लागतात, तीच कधी मोर्तबाविना फिरत राहतात. ती आपल्यापैकी प्रत्येकाच्या पेशींत आहेत.

चुकीला आपला हातभार लागतो तिथे तो थांबवणे मात्र आपल्या हातात आहे. टेमिन यांना हे फार तीव्रतेने वाटे. १९७५ मध्ये स्टॉकहोमला नोबेलच्या मेजवानीत बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी आपल्या शोधाचे कौतुक बाजूला ठेवले आणि सिगारेट सोडणे हा कॅन्सर टाळण्याचा सर्वात मोठा उपाय हाताशी असताना लोक तो करत नाहीत, याबद्दल संताप व्यक्त केला. स्वतः टेमिन यांनी कधी सिगारेट ओढली नाही. तरीही ९ फेब्रुवारी १९९४ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, ते फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. त्यांचे स्टॉकहोममधले म्हणणे यामुळे खोटे ठरत नाही. तंबाखू सोडल्याने टळणारे मृत्यू टळतातच. पण ज्याचे टळले नाही त्याला तू काय केलेस असे विचारण्याचा अधिकार कुणालाही नाही, एवढे या मृत्यूकडे पाहून कळावे.